रोबोटिक सर्जरी म्हणजे नक्की काय? गुदाशयाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊन समजून घेऊ

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू. ऑपरेशन थिएटरमधला रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. कुठे कापायचं हे त्याला माहीत नसतं. सर्जनने हात हलवला नाही, तर तो तासभर तसाच उभा राहील. नावात रोबोट असला तरी प्रत्यक्षात तो एक फार महागडा रिमोट कंट्रोल आहे. एका टोकाला सर्जनचे हात, दुसऱ्या टोकाला पेशंटच्या पोटात गेलेली बोटापेक्षा बारीक अवजारं, आणि मध्ये सॉफ्टवेअर.

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर आली ती खडकीतल्या आमच्या शेजारच्या काकांमुळे. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला आणि हॉस्पिटलने खर्चाचे दोन अंदाज हातात दिले, एक दुर्बिणीच्या ऑपरेशनचा आणि एक रोबोटिकचा. दुसऱ्या कागदावर 'रोबोटिक चार्जेस' अशी एक वेगळी ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा काकांच्या सहा महिन्यांच्या पेन्शनइतका. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "पैसे उभे करू रे, पण हे घेतलं नाही तर बाबांचं काही कमी-जास्त होईल का, एवढं कळायला हवं."

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मशीन कसं चालतं ते मी समजावून सांगू शकतो आणि प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचू शकतो. तुमच्या घरातला निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

जागाच अडचणीची

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय, डॉक्टर ज्याला रेक्टम म्हणतात. आतड्याचा बाकीचा भाग पोटाच्या मोकळ्या जागेत असतो, तिथे हात फिरवायला वाव असतो. गुदाशय मात्र कमरेच्या हाडांच्या खोल वाडग्यात शेवटपर्यंत उतरलेला असतो. त्याच्या मागे माकडहाड, पुढे पुरुषांमध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेट, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि योनिमार्ग. दोन्ही बाजूंनी लघवीवर ताबा ठेवणाऱ्या आणि लैंगिक क्रियेसाठी लागणाऱ्या बारीक नसा जातात. पुरुषांच्या कमरेचं हाड जास्त अरुंद असतं. पेशंट पुरुष, वजन जास्त आणि गाठ खाली, असं तिन्ही एकत्र आलं की सर्जनचा कस लागतो.

पूर्वी यावर उपाय मोठा होता. १९०८ साली अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जनने पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय, गुदद्वारासकट काढायची पद्धत मांडली. कॅन्सर निघायचा, पण पोटावर कायमची पिशवी लागायची. ही पद्धत आजही काही पेशंटना लागते. पण खरा बदल झाला तो १९८२ साली. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावातल्या बिल हील्ड या सर्जनने दाखवून दिलं की गुदाशयाभोवती चरबीचं एक पाकीट असतं, कॅन्सर पसरतो त्या लसीका ग्रंथी त्याच पाकिटात असतात, आणि या पाकिटाच्या बाहेरून एक नैसर्गिक फट जाते. त्या फटीतूनच कापत गेलं तर पाकीट न फाटता अख्खं बाहेर येतं. पाकीट फाटलं तर आतल्या पेशी मागे राहू शकतात आणि कॅन्सर त्याच जागी परत येतो. उलट फारच बाहेरून गेलं तर त्या बारीक नसा कापल्या जातात.

संत्रं सोलताना वरची साल निघावी आणि फोडीवरचं पातळ आवरण जराही फाटू नये, तसं हे काम. फक्त संत्रं एका खोल बरणीच्या तळाशी आहे आणि सोलायचं बरणीच्या तोंडातून.

ऑपरेशननंतर काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे जातो. तिथे कापलेल्या बाजूच्या कडेपासून कॅन्सर किती लांब आहे ते मोजतात. १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर कड 'पॉझिटिव्ह' धरतात, म्हणजे धोका जास्त. आपण ज्या रोबोटची चर्चा करतोय, त्याची खरी परीक्षा या एका मिलिमीटरवर होते. टाके किती लहान आणि डिस्चार्ज किती लवकर, या गोष्टी त्यानंतरच्या.

दुर्बिणीने काय अडतं

दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणजे लॅपरोस्कोपी, आता सगळ्यांना माहीत आहे. पोटात गॅस भरून जागा करायची, चार-पाच भोकं पाडायची, एकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब सरळ अवजारं. पित्ताशयासाठी हे उत्तमच. गुदाशयासाठी तीन अडचणी येतात.

अवजार सरळ दांड्याचं असतं, टोकाला मनगट नसतं. ते वर-खाली, डावी-उजवीकडे हलवता येतं, आत-बाहेर करता येतं, स्वतःभोवती फिरवता येतं, बस. खोल बरणीच्या तळाला, कडेला चिकटलेली कैरीची फोड लांब दांड्याच्या चमच्याने काढून बघा, म्हणजे सर्जनची पंचाईत कळेल. दुसरं म्हणजे पोटाच्या भोकाशी अवजार टेकलेलं असतं, त्यामुळे होडीच्या वल्ह्यासारखं होतं: हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. सर्जनला याची सवय होते, पण डोक्याला तो एक जादा हिशोब असतोच. तिसरं, कॅमेरा असिस्टंटच्या हातात. तीन तासांनंतर त्याचा हात थरथरणारच, आणि चित्रही त्याच्याबरोबर हलणार.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. २०१५ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक अमेरिकेतली आणि एक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये काढलेल्या भागाचा दर्जा बघितला तर दुर्बिणीचं ऑपरेशन उघड्या ऑपरेशनच्या तोडीचं आहे, हे त्या दोन्ही सिद्ध करू शकल्या नाहीत.

मशीन नक्की काय करतं

आता माझ्या आवडीचा भाग. इथे जरा जास्त लिहितोय, चालवून घ्या.

सगळ्यात जास्त वापरात असलेली सिस्टीम म्हणजे अमेरिकेतल्या इंट्युइटिव्ह सर्जिकल कंपनीचा दा विंची. अमेरिकेत त्याला २००० साली परवानगी मिळाली. त्याचे तीन भाग असतात. पेशंटशेजारी हात असलेली गाडी, व्हिडिओचा टॉवर, आणि त्याच खोलीत थोडं बाजूला सर्जन बसतो तो कन्सोल. सर्जन कन्सोलच्या खिडकीत डोकं घालतो आणि त्याला दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र दिसतं, म्हणजे खरं थ्रीडी, तेही मोठं करून. कॅमेरा रोबोटच्याच हातात असतो, त्यामुळे तो थकत नाही.

सर्जन बोटांनी दोन हँडल पकडतो. तो मनगट वळवतो तसं पोटातल्या अवजाराच्या टोकाचं छोटं मनगट वळतं. बरणीतल्या चमच्याला तळाशी मनगट फुटलं असं समजा. वल्ह्याचा उलटा हिशोबही सॉफ्टवेअर करतं, म्हणून हात डावीकडे गेला की टोकही डावीकडेच जातं.

आणखी तीन गोष्टी होतात, आणि तिन्ही तुमच्या रोजच्या वापरातल्या आहेत. गेम खेळताना माऊसचा डीपीआय कमी केला की हात जास्त हलवावा लागतो आणि पॉइंटर कमी हलतो. इथेही तेच. सर्जनने हात तीन सेंटिमीटर हलवला तर टोक एकच सेंटिमीटर हलेल, असं सेट करता येतं. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की आपण उचलून परत मध्ये ठेवतो. सर्जनकडे त्यासाठी पायाशी क्लच असतो. तो दाबला की हात मोकळे होतात, अवजार जागेवर थांबतं, आणि हात आरामाच्या जागी आणून पुढे काम सुरू. तिसरं म्हणजे कंप. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अगदी बारीक थरथरतो. मुद्दाम केलेली हालचाल यापेक्षा बरीच सावकाश असते, म्हणून फिल्टर लावून थरथर वेगळी काढता येते. चालता चालता काढलेला व्हिडिओ तुमचा फोन स्थिर करून दाखवतो, त्याच जातीची कल्पना.

सुरक्षेचं एक साधं डिझाइन मला फार आवडलं. कन्सोलच्या खिडकीत सेन्सर असतो. सर्जनने डोकं बाहेर काढलं की अवजारं जागच्या जागी थांबतात. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते ना, त्याचाच गंभीर भाऊ. (वीज गेली तर? हा प्रश्न पुण्यात गुरुवारी हमखास विचारला जातो. बॅटरी बॅकअप असतो, आणि अवजाराची पकड हाताने सोडवायची वेगळी किल्लीही असते.)

न आवडलेलं डिझाइनसुद्धा सांगतो. दा विंचीच्या अवजारात चिप असते आणि ती वापर मोजते. ठरावीक वेळा वापरलं की मशीन ते अवजार स्वीकारत नाही, मग ते दिसायला कितीही धड असो. कारण सुरक्षेचं दिलं जातं आणि ते पूर्ण खोटंही नाही, कारण आतल्या बारीक तारा झिजतात. पण प्रिंटरच्या कार्ट्रिजशी ज्याचा संबंध आलाय त्याला हा धंदा ओळखीचा वाटेल. बिलातली ती वेगळी ओळ कुठून येते त्याचा मोठा भाग इथे आहे. त्यात मशीनची किंमत आणि दरवर्षीचा मेन्टेनन्स मिळवा.

आणि एक मोठी उणीव. बरीच वर्षं सर्जनला या मशीनमधून स्पर्शच कळत नव्हता. अवजार किती जोरात ओढतंय, धागा तुटायला आलाय का, हे फक्त डोळ्यांनी ओळखायचं. चांगले सर्जन ते शिकतात. २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या दा विंची ५ मध्ये ताणाचा अंदाज हाताला देणारी अवजारं आली. मात्र जुन्या मॉडेलवर ही सोय नाही.

पेशंटशेजारी कोणीच नसतं असा एक गैरसमज आहे. असिस्टंट सर्जन, नर्स आणि भूलतज्ज्ञ तिथेच असतात. अवजारं बदलणं, रक्त ओढून घेणं, गरज पडली तर रोबोट बाजूला करून पोट उघडायची तयारी, हे सगळं त्यांच्याकडे. पेशंटला डोकं खाली, पाय वर अशा तिरक्या अवस्थेत बराच वेळ ठेवावं लागतं आणि पोटात गॅस असतो. त्यामुळे हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल तर भूलतज्ज्ञाचं मत आधी घ्यायचं.

पुण्याचा यातला वाटा

हे मला स्वतःला माहीत नव्हतं, आणि पुणेकर असून कोणी सांगितलंही नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीने व्हर्सियस नावाचा वेगळ्या घडणीचा रोबोट बनवला. जगात माणसांवर त्याची पहिली क्लिनिकल चाचणी पुण्यात, एरंडवण्याच्या दीनानाथ मंगेशकर हॉस्पिटलमध्ये २०१९ मध्ये सुरू झाली. डॉ. धनंजय केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या ३० ऑपरेशनचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ९ पित्ताशयाची, ६ गर्भाशय काढायची आणि ४ अपेंडिक्सची होती. एकातही रोबोट सोडून साध्या दुर्बिणीकडे किंवा उघड्या ऑपरेशनकडे वळावं लागलं नाही.

यादी नीट बघा. त्यातला मोठा भाग रोजच्या, नेहमीच्या ऑपरेशनचा आहे. नवं मशीन असंच आणायचं असतं. आपण नवं रिलीज आधी थोड्या युजरना देतो, तसंच. त्यानंतर कर्वे रोडच्या गॅलेक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमने व्हर्सियस वापरून मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं केली आणि तो अनुभव २०२२ मध्ये जर्नल ऑफ रोबोटिक सर्जरीमध्ये आला. हीच ती टीम, जिने २०१७ मध्ये भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. खडकी स्टेशनला मेट्रोत बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि गरवारे कॉलेजला उतरलात, की ही दोन्ही हॉस्पिटलं जवळच आहेत. जगाच्या रोबोटिक सर्जरीच्या इतिहासातला एक तुकडा इतक्या जवळ आहे.

व्हर्सियसचा फरक इंजिनियरच्या नजरेने मजेशीर आहे. दा विंचीचे सगळे हात एकाच गाडीवर असतात, व्हर्सियसचा प्रत्येक हात सुट्या छोट्या गाडीवर. सर्जन खिडकीत डोकं न घालता थ्रीडी चष्मा लावून उघड्या स्क्रीनकडे बघतो. अवजार पोटाच्या भोकापाशी ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू हलला तर पोटाची भिंत ओढली जाईल. दा विंचीमध्ये हा बिंदू हाताच्या यांत्रिक रचनेने जागेवर राहतो. व्हर्सियसला मात्र सुरुवातीला हात हलवून तो बिंदू शिकवावा लागतो, पुढे सॉफ्टवेअर तो सांभाळतं.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्येही गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रोबोट वापरतात. डॉ. अवनीश सकलानी यांच्या टीमने भारतीय पेशंटवरचा अनुभव प्रसिद्ध केला आहे. म्हणजे हे तंत्र फक्त काचेच्या इमारतीतल्या खासगी हॉस्पिटलांपुरतं नाही.

मग फायदा होतो का?

आता काकांच्या मुलाच्या प्रश्नाकडे. दोन चाचण्या माहीत असल्या तर निम्मी चर्चा संपते.

पहिली रोलार. १० देशांतले ४७१ पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, निकाल २०१७ चा. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच सोडून पोट उघडावं लागलं ते १२.२ टक्के पेशंटमध्ये, रोबोटिक गटात ८.१ टक्के. ऐकायला फरक वाटतो, पण एवढ्या पेशंटमध्ये तो योगायोगानेही येऊ शकतो. संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही. कडेच्या निकालातही ठोस फरक नव्हता आणि रोबोटचा खर्च जास्त. अनेक वर्षं 'रोबोटचा फायदा सिद्ध नाही' असं म्हणायला हीच चाचणी पुढे केली जायची. तिच्यावरचा रास्त आक्षेप असा, की त्यातल्या बऱ्याच सर्जनचा दुर्बिणीवर हात बसलेला होता, रोबोटवर तितका नव्हता.

दुसरी रिअल, चीनमधली. ११ हॉस्पिटलं, १,२४० पेशंट, आणि सगळ्यांचे कॅन्सर गुदाशयाच्या मधल्या किंवा खालच्या भागातले, म्हणजे बरणीच्या तळाचे. इथले सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले. कड पॉझिटिव्ह निघाली ती रोबोटिकमध्ये ४ टक्के, दुर्बिणीत ७.२ टक्के. २०२५ मध्ये तीन वर्षांचा निकाल आला: त्याच जागी कॅन्सर परत आला तो १.६ टक्के विरुद्ध ४ टक्के. लघवी आणि लैंगिक क्रिया यांची रिकव्हरीही रोबोटिक गटात चांगली होती. तीन वर्षांनी जिवंत असण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

माझं वाचन असं: खालची गाठ, अरुंद कंबर आणि रोबोटवर हात बसलेला सर्जन, हे तिन्ही जुळलं तर फायदा खरा आहे. पण तो शंभरात दोन-तीन पेशंटच्या फरकाइतका आहे. सर्जन नवखा असेल तर मशीन त्याची भरपाई करत नाही. गाठ वर असेल, तर साध्या दुर्बिणीने अनुभवी माणसाने केलेलं ऑपरेशन घेताना मला अपराधी वाटणार नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

काकांसोबत मुलगा गेला तेव्हा त्याने हेच विचारलं. गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे? एमआरआयवर ती कडेच्या किती जवळ दिसते? आणि थेट, "सर, हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः रोबोटवर किती केलीत आणि दुर्बिणीने किती?" हा प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, डॉक्टरांचा अपमान होईल असं वाटतं. त्या सर्जनना राग आला नाही. ते म्हणाले, दुर्बिणीने अनेक वर्षं करतोय, रोबोटवर अलीकडे सुरुवात केली आहे. काकांची गाठ १२ सेंटिमीटरवर, म्हणजे वरच्या भागात होती. त्यांनीच सुचवलं की दुर्बिणीने करू. ती वेगळी ओळ बिलातून गेली.

तुमच्या घरी उत्तर उलटंही येऊ शकतं. गाठ चार-पाच सेंटिमीटरवर असेल आणि सर्जन वर्षानुवर्षं रोबोटवर हेच करत असेल, तर पैसे जमवणं मला योग्य वाटेल. पोटावर पिशवी लागेल का, लागली तर काही महिन्यांसाठी की कायमची, हेही आधीच विचारून घ्या. सांधा भरेपर्यंत तात्पुरती पिशवी देणं नेहमीचं आहे, रोबोट असो वा नसो. लघवी आणि लैंगिक क्रियेबद्दल आई-वडील स्वतः विचारणार नाहीत, तुमच्यासमोर तर नाहीच. त्यांना पाच मिनिटं डॉक्टरांसोबत एकटं सोडा.

विम्याचं थोडक्यात. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांच्या १२ प्रकारांची यादी काढली, जे पॉलिसीतून वगळता येत नाहीत. त्यात रोबोटिक सर्जरी आहे. पण कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते. त्यामुळे पाच लाखांची पॉलिसी असली तरी रोबोटिकसाठी कमीच रक्कम मिळेल असं होऊ शकतं. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'रोबोटिक' हा शब्द सर्च करा आणि त्याच्यापुढचा आकडा अ‍ॅडमिशनच्या आधी टीपीए डेस्ककडून लेखी घ्या.

ऑपरेशनच लागणार का, हाही प्रश्न आता वेडगळ राहिलेला नाही. खालच्या गाठींमध्ये आधी किमो आणि रेडिएशन, ज्याला घरची मंडळी 'शेक' म्हणतात, देतात. काही पेशंटमध्ये त्यानेच गाठ पूर्ण नाहीशी होते. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी अशा पेशंटना ऑपरेशन न करता काटेकोर तपासणीवर ठेवायची पद्धत रुजवली. आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीने १२ पैकी १२ पेशंटची गाठ गेली, ऑपरेशनशिवाय. तो निकाल फक्त एका विशिष्ट जनुकीय प्रकाराला लागू आहे आणि तो प्रकार गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये कमी लोकांत आढळतो. तरी बायोप्सीवर एमएमआर टेस्ट झाली आहे का, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

एआय स्वतः ऑपरेशन कधी करणार?

कमेंटमध्ये हे येणारच, म्हणून पटकन. २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या स्टार रोबोटने डुकराच्या आतड्याला दुर्बिणीच्या पद्धतीने बहुतांश स्वतःहून टाके घातले. टाके घालणं हे पुन्हा पुन्हा करायचं, मोजता येणारं काम आहे. गुदाशयाभोवतीची ती फट शोधणं, रेडिएशनने सगळं चिकटलेलं असताना, ही वेगळी पातळी आहे.

लांबून ऑपरेशन म्हणाल, तर ते ५जीच्या कितीतरी आधीचं आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधल्या एका बाईंचं पित्ताशय काढलं. खास आरक्षित फायबर लाइन होती आणि हात हलवल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा उशीर साधारण १५५ मिलिसेकंद होता. तुमच्या गेममध्ये एवढा पिंग आला तर तुम्ही राउटर फेकून द्याल.

आणि हे विसरू नका

टाटा मेमोरियलने तपासलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या पेशंटचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारणपणे त्याहून बऱ्याच मोठ्या वयात सापडतो. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की मूळव्याध म्हणून मलम आणून लावायचं, मेडिकलवाल्यालाच विचारायचं, आणि लाजेने वर्ष काढायचं. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते. पण रक्त दोन-तीन आठवडे जात असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, पोट साफ न झाल्यासारखं वाटत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर सर्जनकडे जाऊन बोटाने तपासणी करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला कोणतंही मशीन लागत नाही, आणि खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी तिथेच हाताला लागतात. वरच्या गाठींसाठी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, लागते. काकांचं निदान तिच्यातच झालं.